आरोपी तोच, आरोप चुकीचा

प्रतीक हजेला यांनी आसामात घुसखोरांना वाट करून दिली, हे मत आता आमच्या आरमोरीच्या टपरीवरही ठामपणे ऐकू येते. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आसाम पाहिलेला नाही. मीही नाही. पण कागद वाचता येतात.

आधी पूर्वपक्ष. हजेला २०१३ ते २०१९ आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीचे राज्य समन्वयक होते. ३० जुलै २०१८च्या मसुद्यातून ४० लाखांवर अर्जदार वगळले गेले. ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीत हा आकडा १९,०६,६५७वर आला. निम्म्याहून अधिक परत आत आले कसे? म्हणे, फेरतपासणीच टाळली. पुढच्या समन्वयकांनी २०२२मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली, आणि त्याच वर्षी कॅगने संगणकप्रणालीच्या कामावर ताशेरे ओढले. आक्षेप पोकळ नाहीत, हे मान्य.

आता पाहू. मसुदा म्हणजे निकाल नव्हे. वगळलेल्यांपैकी ३६ लाखांहून अधिक लोकांनी दावे केले. दावे ऐकूनही आकडा हललाच नसता, तर ती सुनावणी कसली? शिवाय जून २०१९मध्ये मसुद्यात आलेली १,०२,४६२ नावे पुन्हा काढली गेली. ही मेहेरबानी म्हणायची?

फेरतपासणीचे म्हणाल, तर सीमेलगतच्या जिल्ह्यांतली २० टक्के नावे पुन्हा तपासा, अशी मागणी केंद्र आणि आसाम सरकारने केली होती. दाव्यांच्या ओघात २७ टक्के नावांची फेरतपासणी झाल्याचे हजेलांनी कळवले आणि २३ जुलै २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. नकार न्यायालयाचा. अहवाल खोटा होता असे ज्याला वाटते, त्याने तो न्यायालयात खोटा पाडावा, टपरीवर नव्हे.

मग हजेला निर्दोष? मुळीच नाही. त्यांच्यावर लावण्याजोगा आरोप नेमका उलटा आहे, आणि तो इथे कुणी लावत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी न्यायालयाला सुचवले, की दाव्यांसाठी पाच कागद ग्राह्य धरू नयेत: १९५१ची नागरिक नोंदवही, १९७१पूर्वीच्या मतदारयाद्या, नागरिकत्वाचा दाखला, निर्वासित नोंदणीचा दाखला आणि रेशनकार्ड. कारण काय, तर बनावट निघण्याची भीती. घुसखोरांना वाट देणारा माणूस सगळ्यात जुने कागदच बाद करायला निघेल का?

यातला चौथा कागद आमच्या जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबे गेल्या शतकात साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे त्यांची गावे आहेत. मुलचेऱ्याकडच्या एका घरी तो दाखला पाहिला: पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत, चारही दुमडींवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर आजोबांचे नाव एका अक्षराने वेगळे होते. कोसा काढणारी बाई तुटलेला धागा मांडीवर वळून पुन्हा जोडते. वंशावळ जुळवणाऱ्या संगणकाला ते जमत नाही, आणि हजेलांचा सारा भरवसा त्या जुळणीवर होता.

१ नोव्हेंबर २०१८ला न्यायालयाने पाचही कागद पुन्हा ग्राह्य धरले. हजेलांचे चालले असते, तर असा दाखला जपणारे आसामातले कुटुंब त्या दाव्याच्या खिडकीवरून पेटी घेऊन परत फिरले असते.