मण्यांची माळ आणि नगाऱ्याची साथ

इतिहासाच्या पानांवर राजांची नावे राहतात, लढायांच्या तारखा राहतात. परंतु त्या लढायांना धान्य पुरविणाऱ्या माणसांच्या घरच्या स्त्रिया कापडावर काय शिवीत होत्या, याची दखल क्वचितच घेतली जाते. वऱ्हाडच्या इतिहासात अशी एक कारागीर आहे. मणी, कवड्या, आरशाचे तुकडे आणि रंगीत दोरा हे तिचे साहित्य. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिची कला समजून घ्यावयाची तर तिच्याबरोबर वावरणारे वादक, गायक आणि सोनार यांचीही ओळख करून घ्यावी लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद वसले आहे. खानदेशातील जळगावाहून निराळे ओळखता यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्याला जोडले गेले. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता. डोंगराच्या बाजूला कोरकू, निहाल, भिलाला यांची वस्ती. येथील निहाली भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तरीही तिच्यात कोरकू आणि मराठी शब्दांची भर मोठी आहे. शेजारधर्माने भाषा घडते, तशीच कलाही घडते. दऱ्याडोंगरांतील आणि पठारावरील माणसे ज्या प्रदेशात एकमेकांना भेटत आली, तेथे हे सहज लक्षात येते.

मण्यांचे वेड या भूमीला नवे नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. नागपूरजवळचे माहुरझरी हे कार्नेलियन, अकीक अशा दगडांच्या मण्यांचे प्राचीन केंद्र होते. सातवाहनकालीन भोगवर्धन, म्हणजे आजचे भोकरदन, येथेही मण्यांचा मोठा साठा उजेडात आला. शेती स्थिर होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस मणी ओवीत आला आहे.

आता इतिहासाच्या अलीकडच्या टप्प्याकडे वळू. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदच्या पूर्वेस, अडगावची लढाई झाली. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रजांचा सेनापती ऑर्थर वेलस्ली याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो. हे ब्रिंजारी म्हणजे आपले बंजारे. बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते फौजांमागे चालत. त्यांचे तांडे आले नाहीत तर फौजेची उपासमार होई.

हा तांडा म्हणजे चालतेफिरते गावच होते. बंजारा, ज्यांना स्वतःला ‘गोर’ म्हणवून घेणे आवडते, त्यांच्याबरोबर वंशावळी गाणारे ढाडी, नगारा वाजविणारे ढालिया, दागिने घडविणारे सनार अशी माणसे असत. गोर स्त्री आपल्या घागऱ्यावर, कांचळीवर आणि ओढणीवर आरसे व कवड्या शिवी. घागरीखालची चुंबळ आणि लग्नातील कोथळीही ती मणी-कवड्यांनी सजवी. कवडी मूळची मालदीवकडच्या समुद्रातील. म्हणजे समुद्र कधीही न पाहिलेली स्त्री समुद्रातील वस्तू कापडावर टाचीत होती, ती व्यापाराच्या वाटेने हाती आलेली. केसांच्या बटांत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या सनाराने घडवाव्या, आणि त्यांच्याशी मेळ साधणारे भरतकाम तिने करावे, अशी ती कामाची वाटणी होती.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तांड्यातील पवित्र बैलाचे वर्णन आले आहे. त्याच्यावर ओझे लादीत नसत. लाल रेशमी पट्ट्या, पितळी घंटा, कवड्यांच्या माळा आणि गोंडे यांनी मढलेला तो बैल सर्वांच्या पुढे चाले, आणि तो जेथे बसेल तेथे तांड्याचा मुक्काम पडे. या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कवड्यांची माळ येथे केवळ पाहण्यासाठी नाही. घंटांच्या जोडीला ती वाजतेही. नृत्य करणाऱ्या स्त्रीच्या घागऱ्याचेही तसेच. होळीच्या लेंगी गीतांत नगाऱ्याचा ठेका आणि अंगावरील घुगऱ्यांचा नाद एकत्र येतो. लग्नात नवरी ढावलो गात रडते, तेव्हा तिच्या अंगावर बहुधा तिच्याच घरातील हातांनी शिवलेले वस्त्र असते. कला आणि गाणे यांची फारकत तेथे झालेलीच नव्हती.

मात्र या नात्याचे अवास्तव कौतुकही करू नये. ढालियाचा नगारा सर्वांना हवा असे, पण त्याच्याशी बेटीव्यवहार नव्हता. ढाडीला लग्नकार्यात देणगी मिळे, बरोबरीचे स्थान मिळेच असे नाही. परस्परांवाचून कोणाचेच चालत नव्हते, तरी सर्वांचा मान सारखा नव्हता.

रेल्वे आली आणि या जगाची घडी विसकटली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने जाऊ लागला, बैलांच्या तांड्यांचे काम संपत गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशाच्या निरनिराळ्या भागांत भटक्या लोकांवर संशयाचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. तांडे स्थिरावले, शेतीकडे व मजुरीकडे वळले. जुना चालता संसार मोडला, तसे त्यातील कारागीर आणि वादक एकमेकांपासून दूर झाले.

आज या कलेला पुन्हा मान मिळू लागला आहे. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. त्या इमारतीला नगाऱ्याचाच आकार दिला आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु काचेच्या पेटीत ठेवलेला घागरा मुका असतो. त्याच्याजवळ तो शिवणाऱ्या स्त्रीचे नाव, तिच्या तोंडचा ढावलो आणि त्या ठेक्यावर नगारा वाजविणाऱ्या ढालियाचे नाव असेल, तरच त्या वस्तूचा इतिहास पुरा होईल.

जुन्या तांड्यात त्या ढालियाला पंक्तीत जागा नव्हती. निदान आपल्या नोंदवहीत तरी त्याला आणि त्या शिवणारणीला एकाच ओळीत जागा मिळावी. ते आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारी वृद्ध माणसे अजून वाड्या-तांड्यांवर भेटतात, तोवरच ते करता येईल.