तात्पुरत्या सोयीचा इतिहास

इमारत उभी राहिल्यावर पाया बदलणे किती अवघड, हे इंटरनेटच्या इतिहासातही दिसते.

१९७४ साली व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी निरनिराळी संगणकजाळी परस्परांस जोडण्याची पद्धत मांडली. तिच्यातून सिद्ध झालेली नियमावली अमेरिकेच्या आर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारली. जोडलेले संगणक तेव्हा अवघे काही शेकडा. म्हणूनच तारीख ठरवून सर्वांना नव्या वाटेवर आणता आले. प्रत्येक पत्त्यास ३२ बिट दिले गेले, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळी हा साठा अक्षय वाटावा असाच होता.

पुढील दशकात टंचाईची चाहूल लागली. १९९४ साली अनेक संगणकांनी एकच बाह्य पत्ता वापरण्याची तोड पुढे आली. तिच्या कर्त्यांनीच तिला अल्पकालीन उपाय म्हटले होते. १९९५ मध्ये १२८ बिटांच्या पत्त्यांची नवी नियमावली प्रसिद्ध झाली. परंतु जुन्या व नव्या पत्त्यांचा थेट संवाद होत नसल्याने स्थलांतर रेंगाळले. दरम्यान तोडच रूढ झाली आणि कोणत्याही संगणकाने कोणाशीही थेट बोलावे, हे मूळ तत्त्व क्षीण झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पत्तेही वाटले गेले. आजही दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी चालतात.

शासकीय सेवेत आम्ही अनेक हंगामी आदेश कायम झालेले पाहिले. उद्याच्या सेवांसाठी नवी रचना आखणाऱ्यांनी प्रत्येक तात्पुरत्या सोयीची मुदत आरंभीच लिहून ठेवावी, असे आम्हांस वाटते.