एकरकमी की दरमहा?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय ऐकावे, शिवकाल ऐकावा, निदान वाकाटकांच्या वत्सगुल्माविषयी, म्हणजे आपल्याच वाशीमविषयी, दोन नव्या गोष्टी ऐकाव्यात, अशा अपेक्षेने आपण येता. मी मात्र एका छापील अर्जाचा इतिहास सांगायला उभा आहे. ह्या अर्जाला ‘विकल्प’ म्हणतात. नोकरी संपल्यावर जमलेला पैसा एकदम घेणार, की शेवटच्या पगाराच्या प्रमाणात मरेपर्यंत दरमहा घेणार, एवढेच त्यात विचारलेले असते. खाली सही, तारीख आणि ‘एकदा दिलेला विकल्प बदलता येणार नाही’ अशी ओळ. गेल्या सत्तर वर्षांत हा अर्ज निरनिराळ्या कचेऱ्यांतून फिरला आहे आणि आज पुन्हा आपल्या मुलाबाळांच्या टेबलावर येऊन पडला आहे.

माणूस किती वर्षे जगेल आणि बाजारभाव कुठे जाईल, ह्या दोन गोष्टी कोणालाच ठाऊक नसतात. दरमहाच्या व्यवस्थेत ह्या अज्ञानाचे ओझे सरकार किंवा मालक उचलतो. एकरकमीत ते पैशाबरोबरच कामगाराच्या पदरात पडते. रक्कम दिसते, ओझे दिसत नाही.

पहिला मोठा प्रसंग रेल्वेचा. रेल्वेत पूर्वापार भविष्यनिर्वाह निधीची पद्धत होती. कामगाराने आपला वाटा भरायचा, रेल्वेने आपला घालायचा आणि शेवटी सारे मिळून हातात द्यायचे. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी रेल्वे बोर्डाने निवृत्तिवेतनाची योजना काढली. त्या दिवसानंतर लागणाऱ्यांना ती सक्तीची झाली. जे आधीपासून नोकरीत होते त्यांना विचारण्यात आले, फंडात राहता की इकडे येता? आपल्या भागातही हा प्रश्न आला असणार. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी विलायती कंपनीच्या मालकीची असली तरी चालवीत असे मध्य रेल्वेच.

पुष्कळ जण फंडातच राहिले. आज आपण त्यांना अडाणी म्हणतो, पण त्या दिवशीचा हिशेब मांडून पाहा. १९४१ ते १९५१ ह्या दशकातले सरासरी आयुर्मान होते अवघे ३२ वर्षे. ह्या आकड्यात पाळण्यातल्या मृत्यूंचा वाटा मोठा असतो आणि पंचावन्न गाठलेला माणूस पुढे बरीच वर्षे जगतो, हे खरे. पण हे गँगमनला कोण समजावून सांगणार? त्याने आपला बाप आणि चुलता किती जगले ते पाहिले होते. शिवाय निवृत्तिवेतनावर महागाईची भर पडण्याची सोय तेव्हा नव्हती. कुटुंब-निवृत्तिवेतनाची नीट योजना आली १ जानेवारी १९६४ ला. तोवर धनी गेला की घरधनिणीचे काय, ह्याला धड उत्तर नव्हते. फंडाचा पैसा निदान तिच्या हातात राहत होता.

आणखी एक कारण आहे, ते कोणत्या अहवालात मी वाचलेले नाही. आपल्या वऱ्हाडात पैसा येतो तोच वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर. सालदाराचे साल पाडव्याला ठरते. विहीर, लग्न, घरावरची पत्रे, सावकाराची परतफेड, सारे त्या एका गाठोड्यातून होते. दर महिन्याच्या एक तारखेला थोडे थोडे येणे ही कचेरीची चाल. शेतातून नोकरीत गेलेल्या पहिल्या पिढीच्या अंगवळणी ती पडलेली नव्हती. तिने गाठोडे मागितले ह्यात नवल ते काय?

मग नियम बदलू लागले. निवृत्तिवेतनावर महागाईची भर मिळू लागली. १९७९ साली आकारणीची पद्धत सुधारली; शेवटच्या छत्तीस महिन्यांऐवजी दहा महिन्यांच्या सरासरीवर हिशेब होऊ लागला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याचा निकाल लागला. घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्या. तुळजापूरकर ही आपली दोन मराठी माणसे होती; निकालपत्र लिहिले न्या. देसाई यांनी. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि सुधारित आकारणी जुन्या निवृत्तांनाही लागू केली.

हे वाचून फंडवाले जागे झाले. आम्हालाही आता दरमहाकडे येऊ द्या, म्हणून ते न्यायालयात गेले. मधल्या काळात रेल्वेने थोडेथोडके नव्हे, बारा वेळा विकल्प खुला केला होता. प्रत्येक वेळी कोणती तरी तारीख, आणि त्या तारखेच्या अलीकडचे बाहेर. १३ जुलै १९९० रोजी कृष्णकुमार खटल्यात घटनापीठाने त्यांची मागणी फेटाळली. फंड घेणाऱ्याशी सरकारचे देणे पैसे चुकते केले त्या दिवशी संपते, निवृत्तिवेतन घेणाऱ्याशी ते संपत नाही, म्हणून हे दोन वर्ग वेगळे, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने तो बिनचूक असेल. मला त्यातले ‘संपते’ हे एकच क्रियापद आठवत राहते. ह्या मंडळींना नव्वदीच्या दशकाच्या शेवटी दरमहा ६०० रुपयांचे सानुग्रह साहाय्य तेवढे मिळाले.

आता बँकांकडे वळतो, कारण तेथे मी स्वतः गुंतलेला आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत १९९३ च्या करारानंतर सप्टेंबर १९९५ मध्ये निवृत्तिवेतनाचे नियम आले. नोकरीत असलेल्यांना विकल्पासाठी १२० दिवस मिळाले. दरमहा हवे असेल तर फंडातला बँकेचा वाटा सोडायचा. मी तेव्हा पंचविशीत होतो, संघटनेच्या कचेरीत बसून लोकांचे अर्ज भरून देई. एका शाखेतला शिपाई माझ्याकडे आला. मी कागद घेतला. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीवर त्या काळी बारा टक्के व्याज असे, आणि ते १९८९-९० पासून हललेले नव्हते. बारा टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो. बँकेचा वाटा ठेवून दिला तर नुसत्या व्याजातच निवृत्तिवेतनाइतकी रक्कम सुटते आणि मुद्दल मुलांना राहते, असे मी त्याला दाखवून दिले. गुणाकार बरोबर होता. त्याने फंडच ठेवला.

बारा टक्के कोणत्याही करारात कायमचे लिहून दिलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात आले नाही. २००० सालानंतर तो दर उतरू लागला आणि २००५-०६ पर्यंत साडेआठावर आला. मुदत ठेवींचे दरही तसेच घसरले. तिकडे दरमहावाल्यांच्या हातात मात्र महागाईची भर पडत होती. शिवाय मी एक गोष्ट धरूनच चाललो होतो, की मुद्दल मुद्दलच राहील. शिपायाच्या घरात मुद्दल किती दिवस राहते? एक लग्न झाले, रिसोडला दोन खोल्या झाल्या.

संघटनांनी हा प्रश्न सोडला नाही, हे सांगितले पाहिजे. २७ एप्रिल २०१० च्या कराराने बँकवाल्यांना दुसरा विकल्प मिळाला. किंमत जबर होती. निवृत्तांनी बँकेचा वाटा व्याजासकट परत करायचा, आणि वर त्या रकमेच्या ५६ टक्के. नोकरीत असलेल्यांनी नोव्हेंबर २००७ च्या सुधारित पगाराच्या २.८ पट भरायचे. त्याच करारात एक दार बंद झाले. १ एप्रिल २०१० नंतर लागणाऱ्यांसाठी नवी अंशदायी योजना आली. म्हाताऱ्यांना आत घेताना तरुणांना बाहेर ठेवले, ही सल आमच्या चळवळीत अजून आहे.

सरकारी नोकरांचे दार महाराष्ट्रात त्याआधीच, १ नोव्हेंबर २००५ पासून, बंद झाले होते. जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च २०२३ असा संप झाला, त्यात आपल्या जिल्ह्यातले शिक्षक आणि परिचारिकाही होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना मान्य केली, पाठोपाठ राज्यानेही. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे आणि वर महागाईची भर. पण पुन्हा विकल्पच! राष्ट्रीय योजनेत राहाल तर ६० टक्के रक्कम एकदम हाती, उरलेल्या ४० टक्क्यांची वर्षासन योजना. केंद्राला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मुदत दोनदा वाढवून ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली. लोक अर्जाकडे नुसते पाहत बसले. मी त्यांना हसत नाही.

तरुण मंडळी मला विचारतात, अमुक टक्के परतावा धरला तर काय पडेल? मी आता आधी टक्के विचारत नाही. घरात दुसरी मिळकत आहे का, कर्ज किती आणि कोणाचे, मागे राहणारे माणूस किती वयाचे, हे विचारतो. टक्क्याचा हिशेब नंतर. तोही तीन निरनिराळे दर धरून, आणि त्यातला एक मुद्दाम वाईट.

२०१० साली तो शिपाई पुन्हा आला. तोवर निवृत्त होऊन त्याला काही वर्षे झाली होती. हातात दुसऱ्या विकल्पाचा कागद. “भाऊ, आता काय करा लागते?” एवढेच म्हणाला, आधीच्या अर्जाविषयी एक शब्द काढला नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि त्याच्या बायकोचे वय विचारले. त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. मग आम्ही दोघांनी मिळून रक्कम कशी उभी करायची ते पाहिले. काही साळ्याने दिली, काही पतपेढीने. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पैसे भरले. तो पुढे सहा वर्षे जगला. ती आजही दर महिन्याला पासबुक घेऊन पाटणी चौकात येते, आणि मी भेटलो तर नोंद बरोबर झाली की नाही ते मला वाचून पाहायला लावते.