दहा हजार पावलांची वंशावळ

दिवसाकाठी दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा दंडक आता मध्यमवर्गाच्या मनगटावर बांधला गेला आहे. रात्री आकडा अपुरा राहिला तर दिवाणखान्यात येरझारा घालून तो पुरा करणारी मंडळी सर्वत्र आढळतात. पुढे टाच वा नडगी दुखू लागली की दोष वयाला दिला जातो. त्या दोषाचा काही वाटा आकड्याकडेही जातो असे आम्हांस वाटते. म्हणून त्याची वंशावळ पाहणे अगत्याचे आहे.

पावले मोजण्याची विद्या जुनी आहे. १८६५ साली ल्हासाच्या मोहिमेवर निघालेल्या कुमाऊँच्या नैनसिंगांनी १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ जवळ बाळगली होती. शंभर पावले झाली की एक मणी पुढे. पण ती मोजणी वाटेची होती, चालणाऱ्याची नव्हे.

चालणाऱ्याच्या मोजणीतला आजचा आकडा जपानातून आला. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक सामने झाले आणि देशात व्यायामाचे वारे वाहू लागले. १९६५ साली यामासा या घड्याळांच्या कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’: मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. आकडा गोळाबेरीज, लक्षात राहणारा. त्यामागे दीर्घकालीन वैद्यकीय पाहणी नव्हती. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मृत्यूचा धोका घटण्याचा लाभ साधारण साडेसात हजार पावलांशी येऊन थांबलेला दिसला.

इजेचा इतिहास याहून शतकभर जुना आहे, आणि तो छावणीतला आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. मार लागलेला नाही, जखम नाही, तरी शिपाई लंगडतो! स्नायुबंधांच्या आवरणाचा हा दाह असावा, असा त्यांचा तर्क होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर दोनच वर्षांनी श्टेखो यांनी त्या किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की पावलाच्या लांब हाडांना प्रत्यक्ष तडा गेलेला असतो. ‘कूच-अस्थिभंग’ म्हणावा असा हा विकार.

याची कारणमीमांसा मोठी उद्बोधक आहे. हाडावर नेहमीपेक्षा अधिक भार पडू लागला की शरीर आधी झिजलेला भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्यास काही आठवडे पुरतात, भरण्यास काही महिने लागतात. म्हणजे अंग मजबूत होण्याच्या वाटेवर हाड मध्यंतरी दुबळे असते. नेमक्या त्याच काळात, नव्या यंत्राच्या उत्साहात, चालणारा तीन हजारांवरून एकदम दहा हजारांवर गेलेला असतो. वेदना एका बोटाच्या ठिकाणी दाबून दाखवता येते; तरी आरंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि ‘काही नाही’ म्हणून तो पुन्हा चालू लागतो. शिपायाला थांबण्याची मुभा सरदार देत नसे. आमच्या वाचकांना तसा कोणी सरदार नाही, असे म्हणावे तर मनगटाकडे पाहावे लागते.

२००९ मध्ये फिटबिटचे पहिले यंत्र विक्रीस आले आणि जपानी आकड्याला नवे घर मिळाले. २०१५ मध्ये ॲपलचे घड्याळ आले. त्याची वर्तुळे रोज पुरी करायची, खंड पडू द्यायचा नाही, अशी ही रचना. आजारपण असो वा पाय सुजलेला असो, एक दिवस चुकला की सलग दिवसांची मालिका तुटे. मालिका न तोडता वर्तुळे थांबवून ठेवण्याची सोय त्या घड्याळात आली ती २०२४ च्या सप्टेंबरात, म्हणजे नऊ वर्षांनी.