‘पित्त उठतं’ एवढंच सांगू नका : पेनकिलरची ॲलर्जी असेल तर ऑपरेशननंतर दुखणं कसं सांभाळायचं?

सातारा / सांगली : “डायक्लोचं इंजेक्शन घेतलं की मला पित्त उठतं.” माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं. अडचण अशी की आपल्याकडे पित्ताचे दोन अर्थ आहेत. छातीत जळजळ, आंबट ढेकर हे पित्त. आणि अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, आमसुलाचा कोळ चोळला, तेही पित्तच. डॉक्टरनं पहिला अर्थ घेतला तर केसपेपरवर ॲसिडिटी लिहिली जाते, पोटाची एक गोळी वाढते आणि दुखण्याचं तेच औषध चालू राहतं. दुसरा अर्थ खरा असेल तर ती ॲलर्जी आहे. ऑपरेशनच्या रात्री सलाईनमधून तेच औषध अंगात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून मिरज, कराड, सांगली किंवा साताऱ्याला ऑपरेशनची तारीख ठरली की नेमकं काय झालं होतं ते आठवून लिहून काढायचं. गांधी आल्या का, ओठ-पापण्या सुजल्या का, घसा आवळला का, दम लागला का, घेरी आली का. गोळी घेतल्यावर किती वेळानं झालं. त्या वेळी गावातल्या दवाखान्यात काय इंजेक्शन दिलं होतं. इथंच गाडी अडते, कारण पुडीतल्या सुट्ट्या गोळ्यांवर नाव नसतं. तरी त्या डॉक्टरकडं एक चक्कर मारून नाव कागदावर लिहून आणलेलं बरं. ही माहिती सर्जनबरोबर भूलतज्ज्ञालाही स्वतंत्र सांगावी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसाचं दुखणं बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतं.

एक गोळी नव्हे, आख्खी भावकी

डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन ही सगळी एकाच भावकीतली औषधं. शरीरात सूज आणि दुखणं निर्माण करणारी एक प्रक्रिया ती कमी-जास्त प्रमाणात रोखतात. ही रोख लागल्यावर काही लोकांच्या शरीरात दुसरीच रसायनं वाढतात, त्यातून गांधी येतात किंवा दमा उसळतो. अशा माणसाला एक औषध चालत नसेल तर बाकीची भावकीही सहसा चालत नाही. जुना दमा आणि नाकात वाढलेले मस्से असे दोन्ही असतील तर हा धोका जास्त.

काहींना मात्र फक्त एकाच औषधाची ॲलर्जी असते, दुसरं चालतं. हृदयासाठी इकोस्प्रिन रोज घेणारा माणूस डायक्लोनं सुजत असेल तर तेही डॉक्टरला सांगावं, अंदाज बांधायला उपयोग होतो. पण ती इकोस्प्रिन स्वतःच्या मनानं बंद करू नये. तिसरा प्रकार उशिरा येणारा आणि वाईट : काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, तोंडात फोड. पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं अशाच गंभीर प्रतिक्रियेचा इशारा दिला होता. एकदा असं झालेल्यानं ते औषध पुन्हा तपासूनही पाहायचं नसतं.

कातडीखाली थोडं टोचून ‘टेस्ट’ घेतली आणि काही उठलं नाही, म्हणजे औषध चालतं, असं या भावकीबाबत धरता येत नाही. खरी चाचणी म्हणजे मोठ्या दवाखान्यात देखरेखीखाली थोडा-थोडा डोस देऊन बघणं.

नावानं फसगत होते ती मेडिकलमध्ये. ‘साधी पॅरासिटामॉल द्या’ म्हटलं तरी हातात जोडगोळी येऊ शकते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन आहे. झेरोडॉल-पीमध्ये ॲसेक्लोफेनॅक आहे. मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड, व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक, डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन. गुडघ्याला चोळायच्या व्होलिनी जेलमध्येही डायक्लोफेनॅक असतं आणि ते कातडीतून थोडं आत जातं. त्यामुळं पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचून घ्यायचे, किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यायचे. गोठ्यातली मेलॉक्सिकॅमची बाटलीही याच भावकीतली. ॲलर्जी असलेल्यानं जनावराला ते इंजेक्शन देताना सुई हाताला लागणार नाही, एवढं बघावं. शक्यतो दुसऱ्यालाच द्यायला सांगावं.

मग दुखणं कशानं थांबवायचं?

‘तुम्हाला पेनकिलर चालत नाही, आता सहन करा’ हे उत्तर नव्हे. सहन केल्यानं पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठत नाही. छातीत कफ साचतो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पहिला आधार पॅरासिटामॉलचा. ती वरच्या भावकीत मोडत नाही आणि बहुतेकांना चालते. दम्याच्या काही मोजक्या पेशंटना मात्र मोठ्या डोसला त्रास होऊ शकतो, म्हणून पहिला डोस कमी आणि डॉक्टरसमोर. ती दुखल्यावर घ्यायची नसून घड्याळ लावून घ्यायची असते, इथंच घरोघरी चूक होते. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्यांच्या आतच. यकृताचा आजार असेल, रोजची दारू असेल किंवा माणूस अगदीच किरकोळ अंगाचा असेल तर याहून बरीच कमी, किती ते डॉक्टर ठरवतील. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, तीही मोजायची.

दुसरा आणि फार कामाचा उपाय म्हणजे जागेवरची भूल. ऑपरेशन झालेल्या भागाच्या नसेजवळ ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन सोडलं की तो भाग काही तास बधिर राहतो. सिझेरियन, हर्निया, गुडघा, खुबा, हात अशा बऱ्याच ऑपरेशनांत हे करता येतं. सोनोग्राफीवर नस बघून दिलं तर जास्त नेमकं बसतं. पाठीत बारीक नळी ठेवूनही असं औषध चालू ठेवता येतं. तशी सोय नसेल तर टाके घालताना जखमेच्या कडेला तेच औषध भरता येतं. ‘माझ्यासाठी नर्व्ह ब्लॉक होईल का?’ हा प्रश्न आधीच्या भेटीत विचारायचा, ऑपरेशनच्या टेबलावर नाही.

तिसरी पायरी ट्रामाडॉल, फेंटानिल, मॉर्फिनची. लोक नाव ऐकून घाबरतात, पण ऑपरेशननंतर थोडे दिवस, ठरल्या डोसात दिलं तर व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. मळमळ, झोप, बद्धकोष्ठ होतं, त्याची औषधं सोबत मागावीत. मॉर्फिननं नुसती खाज सुटली तर ती दर वेळी ॲलर्जीच असते असं नाही. फिट्स येणाऱ्यांनी किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ट्रामाडॉलआधी ते सांगितलंच पाहिजे. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आलं, त्यामुळं चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. मॉर्फिनचे नियम २०१४ च्या दुरुस्तीनं सोपे झाले तरी ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं धरून चालू नये. मोठं ऑपरेशन असेल तर आधी चौकशी करून दवाखाना निवडावा.

इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब या थोड्या वेगळ्या गोळ्या भावकीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना चालतात. पण पहिली गोळी दवाखान्यात, घरी प्रयोग नाही. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांचाही विचार वेगळा.

बाकीचं घरच्यांच्या हातात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर उंच, खोकताना पोटाला उशी दाबून धरणं, सांगितल्या दिवशी उठून चालणं. ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही. कसला लेप किंवा पाला जखमेवर नको. आणि दुखणं दिवसेंदिवस उतरायच्या ऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढत असेल, सोबत ताप, पू किंवा पोटरीला सूज असेल, तर गोळी बदलून मागण्यापेक्षा जखम दाखवायला जावं.

चुकून गोळी गेलीच आणि ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा अंधारी आली, तर १०८ ला फोन करायचा. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करायचे, फार दम असेल तर बसवायचं, चालवत न्यायचं नाही. यावरचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं मांडीतलं इंजेक्शन. खाजेची गोळी देऊन वाट बघण्यात वेळ जातो. बरं वाटलं तरी त्याला काही तास दवाखान्यातच ठेवून घेतात, कारण त्रास उलटू शकतो.

डिस्चार्ज घेताना कार्डावर औषधाचं मूळ नाव, काय झालं आणि कोणतं औषध चाललं, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात. कार्डाचा फोटो पेशंटच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवावा. औषधाच्या त्रासाची नोंद पेशंट स्वतःही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करू शकतो.