पात्रता : अविवाहित पुरुष

लेख मागताना संयोजकांनी बजावले होते, "शाळेतल्या गमतीजमती लिही, उगाच जड काही नको." गमतीजमती बाकीचे लिहितीलच. मी एका ओळीविषयी लिहिते आहे. आपण बारावीत होतो तेव्हा, १९९७ साली, मनमाड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून आणलेल्या 'एम्प्लॉयमेंट न्यूज'मध्ये ती मी पहिल्यांदा वाचली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, जाहिरात होती आणि पात्रतेच्या रकान्यात लिहिले होते : अविवाहित पुरुष उमेदवार.

तो अंक माझा नव्हता. आपल्या वर्गातल्या दोघांनी तो आणला होता. त्यांची नावे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. एकाचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, दुसऱ्याच्या घरी किराणा दुकान. दोघांना एनडीएला जायचे होते आणि दोघांचेही गणित कच्चे. गणिताचा पेपर ३०० गुणांचा. मला गणित जमायचे, म्हणून शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला मी बसायचे. दोनशे पानी वहीत मी उदाहरणे सोडवून द्यायची, त्यांनी ती घरी पुन्हा करायची. असे दोन महिने चालले. परीक्षा मुंबईला होती. पंचवटीने गेले तर पेपर सुरू झाल्यावरच पोचले असते, म्हणून ते आदल्या दिवशीच निघाले. मी स्टेशनवर गेले नाही. मुलांना पोचवायला मुलीने स्टेशनवर जायची आपल्या गावात तेव्हा पद्धत नव्हती.

वर्कशॉपवाला लेखी पास झाला. भोपाळला एसएसबीचे बोलावणे आले, पंजाब मेलने गेला आणि पाचव्या दिवशी मुलाखतीत नापास होऊन परत आला. दुकानवाला लेखीतच गेला. मी सरांना विचारले होते की मुलींना का नाही. सर म्हणाले, "नियम आहे." उत्तर खोटे नव्हते. नियम कुणी केला आणि केव्हा, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही. नियम म्हणजे हडबीची शेंडी, कायमची तिथेच, असे वाटायचे वय होते.

२०२१ मध्ये टाळेबंदीत घरून काम करताना मी त्या ओळीमागे लागले. आमच्या कामात एखादी अट का घातली हे कुणालाच आठवत नसेल, तर आधीच्या नोंदी उलगडत मागे जावे लागते. तेच केले.

मागे गेल्यावर दिसले की एकेकाळी ही ओळ 'पुरुष' अशीही नव्हती, 'युरोपियन' अशी होती. हिंदी माणूस सुभेदार होई, पण राजाची सनद असलेला अधिकारी होत नसे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या अकादमीत हिंदी तरुणांना वर्षाला दहा जागा मिळाल्या. त्यातही घराणे पाहिले जाई. तयारीसाठी १९२२ मध्ये डेहराडूनला लष्करी विद्यालय निघाले. आपल्याकडचे एस. पी. पी. थोरात सँडहर्स्टमधून १९२६ साली अधिकारी झाले, पण असे थोडेच. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली ती चाळीस कॅडेटांवर. डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल १९३७ मध्ये काढले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण परीक्षेचे दार उघडून भागत नाही, तिथवर पोचवणारी शाळाही लागते, हे त्यांना नेमके कळले होते.

आणि दार सगळ्या हिंदी माणसांनाही सारखे उघडे नव्हते. महार सैनिक कंपनीच्या काळापासून फौजेत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते. तरी १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली महारांची भरती थांबली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. ती बेळगावला उभी राहिली.

इथे आपल्या गावाचा संबंध येतो आणि तो आपल्याला शाळेत कुणी सांगितला नाही, याची मला अजून चुटपुट आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध भाषण इथलेच. पण त्याच भाषणात त्यांनी पात्रतेचा हिशेब मांडला होता, तो कमी जणांना माहीत असतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच राहायचा. पोर्टरची साधी नोकरीसुद्धा त्याला मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि तिथे विटाळ आडवा येई. वर्कशॉपमधल्या कसबी कामांतही त्याला वाव नव्हता. असा नियम कुठल्याही जाहिरातीत छापलेला नव्हता. छापलेली अट निदान दाखवता येते. ज्या वर्कशॉपच्या भोंग्यावर आपण शाळेची वेळ ओळखायचो, त्याच गावात हे बोलले गेले होते.

आता माझ्या ओळीकडे. स्वातंत्र्यानंतर तिचा आधार होता आर्मी अ‍ॅक्ट, १९५०, कलम १२ : केंद्र सरकार अधिसूचनेने सांगेल तेवढ्या शाखा सोडल्या, तर स्त्रिया सैन्यात भरतीस अपात्र. परिचारिका आणि डॉक्टर स्त्रिया होत्याच. पुण्यात वानवडीच्या एएफएमसीत मुलगी डॉक्टर होऊन लष्करात जाई आणि त्याच पुण्यात खडकवासल्याचे फाटक तिला बंद होते. ३० जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने काही शाखा उघडल्या. त्याआधी प्रिया झिंगन नावाच्या तरुणीने थेट लष्करप्रमुख जनरल रॉड्रिग्ज यांना पत्र लिहून मुलींना का घेत नाही, असे विचारले होते. चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत तिचा कॅडेट क्रमांक ००१. पंचवीस जणींची ती पहिली तुकडी ६ मार्च १९९३ रोजी अधिकारी झाली. नेमणूक पाच वर्षांची. कायमची नव्हे.

म्हणजे मी सरांना प्रश्न विचारला, तेव्हा या पंचवीस जणी चार वर्षे गणवेशात होत्या. मनमाडला ते कुणाला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असलेल्याने मला सांगितले नाही.

इथे एक कबुली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी पात्र झाले होते. पदवीधर इंजिनिअर मुलींसाठी तांत्रिक शाखांत प्रवेश होता. जाहिरात मी पाहिली, कापून ठेवली आणि अर्ज केला नाही. कॅम्पसमधून नोकरी मिळाली होती, घरी कर्ज होते आणि पाच-दहा वर्षांनी लष्करातून बाहेर पडून काय करायचे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यामुळे 'मला संधी मिळाली असती तर' असे मी कुणाला म्हणत नाही. सतराव्या वर्षी जे करावेसे वाटते, ते बावीसाव्या वर्षी वाटेलच असे नाही. म्हणून तर सतराव्या वर्षाचे दार महत्त्वाचे.

पुढचे सगळे न्यायालयात घडले. बबिता पुनिया या वकील महिलेने २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २०१० मध्ये तिथे निकाल लागला, सरकार अपिलात गेले आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा हक्क दिला. याचिका ते अखेरचा निकाल, सतरा वर्षे. तितक्यात एक मूल जन्मून बारावीला पोचते. एनडीएची याचिका त्या मानाने झटपट सुटली. ती केली होती कुश कालरा यांनी. तेही वकील, आणि पुरुष. १८ ऑगस्ट २०२१ रोजी न्या. संजय किशन कौल आणि न्या. हृषीकेश रॉय यांनी अंतरिम आदेश दिला : मुलींना परीक्षेला बसू द्या. सरकार म्हणाले, तयारीला वेळ हवा, पुढच्या मे महिन्यापासून घेतो. न्यायालयाने ते ऐकले नाही. यूपीएससीने मुलींच्या अर्जांसाठी २४ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर अशी मुदत दिली. फक्त पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांतल्या एका रात्री वर्कशॉपवाल्याचा फोन आला. आता तो स्वतः रेल्वेत आहे. म्हणाला, "अगं, पोरगी फॉर्म भरतेय. गणित मात्र माझ्यावर गेलंय. बघशील का?" पाठोपाठ व्हॉट्सॅपवर एक फोटो. ती दोनशे पानी वही! चोवीस वर्षे त्याने ट्रंकेत जपून ठेवली होती. मुखपृष्ठावर नाव त्याचे आणि आत सगळे अक्षर माझे. "अरे, माझी वही तुझ्याकडे कशी?" म्हटले, तर म्हणे, "तूच दिलेली. परत कधी मागितलीस?"

रोज रात्री नऊ ते दहा आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो. अभ्यासक्रम फारसा बदललेला नव्हता. गणित तेच, वेळ अपुरा तोच. अडचण भलतीकडे निघाली. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. लसावि म्हटले की तिचा हात चालायचा, 'लघुत्तम समापवर्त्य' वाचले की थांबायचा. काटकोनाचा समकोण झालेला आणि वर्तुळाचे चक्क वृत्त! इंग्रजीचे २०० गुण वेगळेच. दुसरी एक अट मी पहिल्यांदाच नीट वाचली : उत्तरे स्वतःच्या हातानेच लिहायची, कोणत्याही परिस्थितीत लेखनिक मिळणार नाही. बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते, इथे नाही. रणांगणावर जायचे आहे तर असणारच, असे मी म्हणाले. त्यावर मुलगी म्हणाली, "मावशी, मुलींबद्दल पण असंच म्हणायचे ना?" दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत असे मला अजूनही वाटते, पण तेव्हा तिला पटेल असे उत्तर देता आले नाही.

शिवाय तयारीचा प्रश्न. मुलांना घडवण्यासाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ पासून आहे. दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली २०२३ मध्ये. मध्ये ४६ वर्षे. डेहराडूनच्या त्या १९२२ च्या विद्यालयात मुली पोचल्या २०२२ मध्ये, पुरत्या शंभर वर्षांनी. आमची मुलगी दोन्हींच्या आधीची. तिच्या वाट्याला बापाची ट्रंक आणि मोबाइलवरची मावशी आली.

१४ नोव्हेंबर २०२१ च्या त्या परीक्षेसाठी ५,७५,८५६ अर्ज आले होते. त्यांतले १,७७,६५४ मुलींचे, आणि तेही पंधरा दिवसांत भरलेले. मुलींसाठी जागा एकोणीस : भूदल दहा, हवाई दल सहा, नौदल तीन. पुढच्या परीक्षेलाही एकोणीसच. एवढ्याच का, असे न्यायालयानेही विचारले. आकड्यांकडे पाहण्याची मला सवय आहे, तरी हा आकडा मी दोनदा तपासला.

मुलगी पहिल्या वेळी गणितातच गेली. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी लेखी पास झाली आणि भोपाळचे बोलावणे आले. बाप तिला पोचवायला मनमाड स्टेशनवर गेला, तीच पंजाब मेल. पाचव्या दिवशी ती परत आली. फोनवर तो हसत म्हणाला, "आमच्या घराण्यात भोपाळहून परत येण्याची परंपरा आहे." हसताना मध्येच थांबला, तेही ऐकू आले. चौथ्या प्रयत्नानंतर वयाची मर्यादा संपली. आता ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तांत्रिक शाखेच्या जाहिरातीची वाट पाहते आहे. ती कापून ठेवणार नाही, भरणार आहे.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या खेत्रपाल मैदानावरून एनडीएच्या १४८ व्या तुकडीबरोबर मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतरा जणी. मी ऑफिसात मीटिंगचा आवाज बंद करून संचलन पाहिले. त्याने मनमाडला ड्यूटीवर पाहिले. मुलीने पाहिले की नाही, मी विचारले नाही.

संमेलनाला तो ती वही घेऊन येणार आहे. त्रिकोणमितीतले चौदावे उदाहरण मी १९९७ मध्ये चुकवले होते आणि दोघांनी चुकीचेच पाठ केले होते. मुलीने ते लाल पेनाने दुरुस्त केले आहे.