झोपाळ्याआधी जमीन

गावात बालोद्यान करायचं ठरलं की आपण आधी घसरगुंडी आणि झोपाळे मोजतो. खाली काय असेल, ते शेवटी विचारतो. या बागांचा इतिहास मात्र जमिनीपासूनच सुरू झाला.

बर्लिनच्या बागांत मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांनी पाहिले आणि अमेरिकेत बॉस्टनला कळवलं. १८८५ च्या सुमारास तिथे तसाच ढीग आला. मुलांवर लक्ष ठेवायला वस्तीतल्या बायका होत्या.

पुढे लोखंडी शिड्या आणि उंच घसरगुंड्या आल्या. खाली मात्र अनेक ठिकाणी डांबर नाहीतर काँक्रीट. मूल पडलं की डोकं थेट त्यावर. अखेर १९८१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सार्वजनिक क्रीडांगणांसाठी पुस्तिका काढली. तिच्या आजच्या आवृत्तीत खेळण्याभोवती निदान ६ फूट मोकळी, मऊ जागा सांगितली आहे. झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहून जास्त.

कुंपण झालं, फरशी बसली, बिल निघालं, की हे ६ फूट आणायचे कुठून? म्हणून ग्रामसभेत विषय येईल तेव्हाच आपण बचत गटाच्या बायकांनी नकाशा मागायचा. वाळू किती खोल टाकणार, ती घट्ट झाली की सैल कोण करणार, कमी झाली की भरणार कोण, झोपाळ्यासमोरून वाट जाते का, हे सगळं अंदाजपत्रकातच लिहून घ्यायचं. पैसे कमी पडले तर एक झोपाळा पुढच्या वर्षी बसवू. खालची जमीन मात्र आधीच नीट करून घेऊ.